लाईट गेली तेव्हा पिल्लं चार दिवसांची होती: निफाड तालुक्यातलं एक प्रकरण

निफाडची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. दरवर्षी तो इतका खाली जात नाही, पण डिसेंबरअखेर आणि जानेवारीत पहाटेचे सहा-सात अंश इथे कुणाला नवीन नाहीत. गोदावरी-कादवेचा सखल टापू आणि वर निरभ्र आभाळ, त्यामुळे दिवस मावळला की जमीन भराभर निवते. अशा रात्री द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सोडतात. त्याच रात्री शेजारच्या शेडमध्ये कोंबडीची पिल्लं गारठतात, पण त्याचा पंचनामाही होत नाही आणि बातमीही होत नाही. म्हणून पशुवैद्य या नात्याने मी पाहिलेलं हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

गोदाकाठचं गाव, गावठाणापासून दीड किलोमीटरवर मळा. घरात नवरा-बायको, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. चार एकर द्राक्षबाग नवऱ्याकडे, कोंबड्या बायकोकडे. ताईंचा हा व्यवसाय तिसऱ्या वर्षात होता आणि चांगला चालला होता. अंड्यासाठी आणि मांसासाठी दोन्हीकडे चालणाऱ्या कावेरी जातीची ५०० एकदिवसीय पिल्लं आणायची, महिनाभर वाढवायची आणि आसपासच्या बचतगटाच्या बायकांना, परसात दहा-वीस पाळणाऱ्यांना विकायची. म्हणजे कमाई सगळी पहिल्या चार आठवड्यांवर. त्यातही पहिला आठवडा साधला तर पुढचं आपोआप जमतं.

शेड पत्र्याचं, दोन्ही बाजूंना जाळी आणि जाळीला पडदे. आत घोटीच्या राईस मिलमधून आणलेलं भाताचं तूस तीन बोटं जाड पसरलेलं. पत्र्याचे दोन गोल चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीची बुटकी कुंपणं, प्रत्येकात २५० पिल्लं. वर छत्र आणि त्याखाली १०० वॅटचे पाच-पाच बल्ब. थंडीच्या दिवसांत पिल्लामागे दोन वॅट हा आपल्याकडचा रूढ हिशेब आहे आणि ताईंनी तो बरोबर पाळला होता. थर्मामीटर दोरीला बांधून पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सोडलेला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण निम्म्या शेडमध्ये थर्मामीटर खांबावर माणसाच्या डोळ्यासमोर टांगलेला असतो. तो माणसाला लागणारी थंडी सांगतो, पिल्लाला लागणारी सांगत नाही. चार दिवसांत तीन पिल्लं दगावली होती. राहिली ४९७. अन्न-पाणी उत्तम, विष्ठा चांगली, काळजीचं काही नाही.

चौथ्या रात्री पावणेदहाला बांधावरच्या डीपीतून (ट्रान्सफॉर्मरमधून) आवाज झाला आणि मळ्यावरची लाईट गेली. वायरमनला फोन लागला. तो म्हणाला, डीपी जळालाय, बदलावा लागेल, उद्या संध्याकाळच्या आत काही सांगता येत नाही. प्रत्यक्षात लाईट आली तिसऱ्या दिवशी दुपारी.

पहिला दीड तास

लाईट गेली की माणूस फक्त उबेचा विचार करतो. पण पिल्लाच्या दृष्टीने एका क्षणात दोन गोष्टी जातात, ऊब आणि उजेड. चार दिवस अखंड उजेडात राहिलेली पिल्लं अचानक अंधारात घाबरतात आणि ज्याचं अंग लागेल त्याच्याकडे सरकतात. सरकता सरकता एकावर एक चढतात. खालची गुदमरतात. थंडीने पिल्लू मरायला काही तास लागतात, ढिगाखाली मरायला काही मिनिटं पुरतात. चिकगार्ड गोल करतात ते त्यासाठीच, कोपरा नसला की ढीग लावायला जागा कमी मिळते.

ताई टॉर्च घेऊन शेडमध्ये पोचल्या तेव्हा छत्राखाली थर्मामीटरवर २८ अंश होते. लाईट असताना ३२ होते. पिल्लं ओरडत होती. भुकेलं पिल्लू थांबून-थांबून ओरडतं, थंडी लागलेलं पिल्लू उंच, टोकदार आवाजात न थांबता ओरडतं. पाळणाऱ्याच्या कानाला हा फरक लगेच कळतो. घरात इन्व्हर्टर होता आणि नवऱ्याने सुचवलं की तिथून वायर ओढू. हा विचार जवळपास प्रत्येक घरात येतो, म्हणून त्याचं गणित इथेच मांडतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हाती लागतात हजार-बाराशे. १०० वॅटचे दहा बल्ब लावले तर तासाभरात बॅटरी बसते, आणि घरगुती लहान इन्व्हर्टर मुळात एवढा लोड उचलतच नाही. म्हणजे इन्व्हर्टरवर एक एलईडी आणि फोनचा चार्जर चालवायचा. पिल्लांना ऊब द्यायचं काम त्याच्याकडून होत नाही.

मग त्यांनी केलं ते बहुतेक सगळेच करतात. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या काड्यांचा ढीग बांधावर पडला होता. एका घमेल्यात काड्या पेटवून ते घमेलं शेडमध्ये, दोन चिकगार्डच्या मधोमध ठेवलं. पडदे सगळे घट्ट ओढून घेतले. काड्या दवाने ओलसर होत्या. दहा मिनिटांत शेडभर धूर झाला. धूर एका बाजूने आला म्हणून पिल्लं दुसऱ्या बाजूला पळाली आणि चिकगार्डच्या पत्र्याला चिकटून त्यांचा थर लागला. ताईंनी हाताने ढीग फोडला, तेव्हा खालून १७ मेलेली निघाली.

दुसऱ्या दिवशी मी ती पिल्लं उघडून पाहिली. अंग चपटं, छातीवरची लव ओली, फुप्फुसं रक्ताने भरलेली. अंड्यातून सोबत आलेला पोटातला बलक मात्र वयाच्या मानाने छान आटलेला होता, गारठलेल्या पिल्लात तो तसा आटत नाही. ही पिल्लं गारठून मेली नव्हती, गुदमरून मेली होती. म्हणजे त्या रात्रीचा सगळ्यात मोठा एकरकमी फटका थंडीने दिला नाही. थंडी घालवायला आणलेल्या धुराने दिला.

याबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे, कारण दर हिवाळ्यात हेच कानावर येतं. ओल्या काड्या डोळ्यांना झोंबतात म्हणून निदान समजतं तरी. लोणारी कोळसा जास्त फसवा. निखारे लालबुंद झाले की धूर संपतो, पण कार्बन मोनॉक्साईड संपत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. बंद पडद्यांच्या शेडमध्ये शेगडी ठेवून शेजारी चटई टाकून झोपणारा माणूस स्वतःचाही जीव धोक्यात घालतो. शेगडी वापरायचीच झाली तर बाहेर पूर्ण फुलवून, विटांवर उंच, भोवती पत्र्याचा आडोसा करून ठेवावी, वरचे पडदे वीतभर उघडे असावेत आणि माणूस जागा असावा. त्यापेक्षा जाळ बाहेर ठेवून नुसती ऊब आत आणता आली तर सगळ्यात चांगलं. या घरात ती सोय होती, फक्त त्या गडबडीत कुणाच्या डोळ्यासमोर आली नव्हती.

फोन

सव्वाअकराला ताईंचा फोन आला. “डॉक्टर, घमेलं बाहेर काढलं. धूर गेला, पण पडदे उघडले तर गार वारं येतंय. छत्राखाली बावीसवर आलंय. आता काय करू?”

मी विचारलं, पिल्लं ओरडतायत का? म्हणाल्या, ओरडतायत. बरं वाटलं. ओरडणारं पिल्लू अजून लढत असतं, गप्प बसलेलं पिल्लू हातातून चाललेलं असतं. मग सांगितलं, एक पिल्लू उचला आणि त्याचे पाय तुमच्या गालाला लावा. पिल्लाचे पाय उबदार लागले तर आतली उष्णता टिकून आहे. गार लागले तर शरीर हातापायांचं रक्त आवरून घेतंय, म्हणजे तापमान उतरायला लागलंय. ताईंनी पाच-सहा ठिकाणची पिल्लं उचलून पाहिली. निम्म्यांचे पाय गार होते.

इथे थोडं शरीरशास्त्र सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच घेतले. एकदिवसीय पिल्लाच्या अंगाचं तापमान ३९-४० अंशांच्या आसपास असतं, मोठ्या कोंबडीचं ४१ च्या वर. पण मोठी कोंबडी ते स्वतः राखते, पिल्लाला ते जमत नाही. अंगावर पिसं नाहीत, नुसती लव. वजन चाळीस-पन्नास ग्रॅम आणि त्या मानाने अंगाचा उघडा पृष्ठभाग फार मोठा, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. स्वतःचं तापमान सांभाळण्याची ताकद साधारण दोन आठवड्यांनी येते आणि पुरेशी पिसं फुटायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं.

पण हेच पिल्लू थोडी का होईना, स्वतःची उष्णता तयार करत असतं. उबवणी केंद्रातून पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात. शंभर पिल्लं, पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे, बाजूला भोकं. त्या खोक्यात ना बल्ब असतो ना शेगडी. रात्रभरच्या गाडीच्या प्रवासात पिल्लं एकमेकांच्या उबेवर जगतात. आणि अंगणातली खुडूक कोंबडी पिल्लं सांभाळते तेव्हा तीही सगळं अंगण तापवत बसत नाही, फक्त पंखाखालची वीतभर जागा तापवते. लाईट गेलेल्या रात्री ३० बाय २० फुटांचं शेड तापवायचा नाद सोडायचा आणि पिल्लाभोवतीची तेवढीच हवा राखायची, एवढंच मी त्या रात्री ताईंना पुन्हा पुन्हा सांगत होतो.

“पिल्लांची खोकी टाकून दिली का?”

“नाही, माळ्यावर आहेत. पाचही.”

खोकी: रात्री अकरा ते पहाटे चार

त्या खोक्यांनी त्या रात्री पिल्लं वाचवली. एरवी ती जाळून टाकतात, आणि रोगाच्या दृष्टीने जुनी खोकी दुसऱ्याच्या शेडवर नेणं वाईटच. पण त्याच बॅचची खोकी आठवडाभर कोरडी जपून ठेवायला काहीच हरकत नाही.

चार दिवसांची पिल्लं जराशी मोठी झालेली असतात, म्हणून खोक्यात शंभरऐवजी ऐंशी घालायला सांगितली, कप्प्यात वीस. पाच खोक्यांत ४०० गेली. उरलेल्या ८० साठी द्राक्षाचे दोन रिकामे प्लॅस्टिक क्रेट घेतले. निफाडात काही नसलं तरी क्रेट असतातच. त्यांना आतून गोणपाट लावलं, तळाला कोरडं तूस आणि त्यावर वर्तमानपत्र, आणि प्रत्येकात चाळीस पिल्लं. क्रेटला वरून गोणपाटाचा एकच पदर घातला, तोही एका कडेने उघडा ठेवून.

खोकी शेडमध्ये ठेवायची की घरात? शेडमध्ये तेव्हा १२ अंश होते आणि पहाटेपर्यंत अजून उतरणार होते. घरात स्वयंपाकघराला लागून मातीच्या भिंतींची जुनी खोली होती, तिथे १९ अंश होते. घरातच न्यायची ठरवली. नेताना खोकी गोधडीखाली झाकून नेली. दोनशे फूट अंतर, पण त्या वाऱ्यात उघडं खोकं नेलं असतं तर तेवढ्यातही पिल्लं भिजल्यासारखी गार पडली असती.

आणि मग बंब. अंगणात न्हाणीघराशेजारी पाणी तापवायचा जुना तांब्याचा बंब होता. सासूबाई गॅसच्या गीझरवर विश्वास ठेवत नाहीत, त्यामुळे तो रोजच्या वापरात होता. धूर करणाऱ्या त्याच काड्या आता बंबात गेल्या. धूर अंगणात राहिला, पाणी मात्र घरात आलं. पंधरा किलो तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे घेतले. त्यात साधारण ७० अंशांचं पाणी पंधरा लिटर भरलं, झाकण घट्ट लावलं आणि भोवती गोणपाटाचे दोन वेढे दिले. हे डबे दोन-दोन खोक्यांच्या मधे उभे केले, खोक्याच्या भोकांपासून चार बोटं लांब.

पाण्याचं गणित लोकांना खरं वाटत नाही म्हणून इथे देतो. पंधरा लिटर पाणी ७० वरून ४० अंशांवर येताना पाचशेहून थोडी जास्त वॅट-तास उष्णता सोडतं. म्हणजे १०० वॅटचा एक बल्ब पाच तास. चार डबे म्हणजे घरच्या इन्व्हर्टरच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीपेक्षा जास्त, आणि तेही बांधावरच्या फुकटच्या काड्यांवर. तापलेली वीटही चालते, पण तीन किलोची वीट १०० अंशांवरून ४० वर येताना जेमतेम चाळीस वॅट-तास देते. शिवाय चुकून उघडी राहिली तर गोणपाट करपवते. डबा नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरता येतात, पण त्यांत उकळतं पाणी ओतलं की त्या आकसतात आणि गळतात. ओलं तूस म्हणजे पिल्लाला थंडीचं आमंत्रण, त्यामुळे एकही डबा ठिबकता कामा नये.

पाऊण तासात एका खोक्यात थर्मामीटर आत सरकवून पाहिला, ३२ अंश. खोलीत १९, खोक्यात ३२.

आता भीती उलटी होती. खोकं तापलं, हवा कोंडली तर पिल्लं उबेनेच मरतात. म्हणून दर अर्ध्या तासाने प्रत्येक खोक्याचं झाकण उचलून बघायचं होतं. पिल्लं चोच उघडून धापा टाकत असतील, पंख अंगापासून सोडून बसली असतील तर झाकण दोन बोटं तिरकं करून ठेवायचं. घट्ट चिकटून टोकदार आवाज करत असतील तर डबा जवळ सरकवायचा. शांत, मऊ कुजबुज करत पसरून झोपली असतील तर हात लावायचा नाही. ताईंनी ही राखण पहाटेपर्यंत केली. नवऱ्याला तीनला बागेत जावं लागलं. डीपी एकच, त्यामुळे विहिरीची मोटारही बंद होती आणि ठिबक सोडून बाग वाचवायचा मार्ग नव्हता, उरल्या होत्या फक्त शेकोट्या. एका घरात दोन ठिकाणी थंडीशी झुंज चालू होती, आणि माणसं तीन.

तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. शेडमधून आणताना बारा पिल्लं मान टाकून पडलेली होती, पायही हलवत नव्हती. त्यांनी ती एका टोपलीत घेतली, शेकायची रबरी पिशवी भरून तिच्यावर सुती लुगड्याच्या चार घड्या ठेवल्या आणि त्यावर पिल्लं. “पाजते थोडं गूळपाणी,” म्हणाल्या. फोनवरूनच थांबवलं. गारठलेल्या, मान न धरणाऱ्या पिल्लाच्या चोचीत पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जातं. आधी ऊब, मग पिल्लू पायावर उभं राहिलं की चोचीच्या टोकाला एक थेंब. बारापैकी आठ तासा-दीड तासात उभी राहिली. चार सकाळपर्यंत गेली.

सासूबाईंचा दुसरा आग्रह होता, अंगणातल्या दोन खुडूक कोंबड्यांखाली वीस-पंचवीस पिल्लं घालायचा. विचार चुकीचा नव्हता. पण मी नाही म्हटलं. एक तर चार दिवसांची परकी पिल्लं कोंबडी स्वीकारेलच असं नाही, टोचून मारू शकते. दुसरं जास्त महत्त्वाचं. अंगणातल्या त्या कोंबड्यांना कसलंही लसीकरण नव्हतं आणि या पिल्लांना मानमोडीची (राणीखेत या साथीच्या रोगाची) पहिली लस अजून मिळायची होती. थंडीतून वाचलेली पिल्लं मानमोडीला द्यायची नव्हती. ज्यांच्याकडे दहा-पंधराच पिल्लं आहेत आणि कोंबडी त्यांचीच आई आहे, त्यांनी मात्र दुसरं काहीही करू नये. कोंबडीला टोपलीखाली आडोशाला घ्यावं आणि निवांत झोपावं.

दिवस

सकाळी शेडमध्ये थर्मामीटरवर ८ अंश होते. खोक्यात रात्रभर पाणी नव्हतं, खाणं नव्हतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस काढतं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी तो साठा संपत आलेला असतो. म्हणून उजाडल्यावर उशीर करायचा नव्हता. खोलीतच जमिनीवर गोणपाट आणि कागद पसरून एकेका खोक्यातली पिल्लं वीस मिनिटांसाठी बाहेर काढली. कोमट पाणी, लिटरला ५० ग्रॅम गूळ, तेही फक्त सकाळच्या पहिल्या पाळीला. दिवसभर गूळपाणी दिलं की विष्ठा पातळ होते. खाद्य कागदावरच भुरभुरवलं. एक खोकं आत गेलं की दुसरं बाहेर. पिल्लू परत ठेवताना मानेच्या बुडाशी असलेली अन्नाची पिशवी बोटाने चाचपायची. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर पाणी आणि खाणं दोन्ही गेलं. कडक लागली तर कोरडंच खाल्लंय, पाणी दाखवायचं. रिकामी लागली तर त्या पिल्लाची चोच पाण्यात बुडवून द्यायची.

दहानंतर शेडच्या दक्षिणेकडचे पडदे वर केले. हिवाळ्यात ऊन तिरकं आत येतं. अकराला उन्हातल्या तुसावर २६ अंश आले, तेव्हा पिल्लं अर्धा तास शेडमध्ये सोडली. बाराच्या सुमाराला ती पसरून खाऊ लागली. जनरेटर भाड्याने मिळतो का हे नवऱ्याने पाहिलं. पण त्याच डीपीवरचे सगळेच मळेवाले तो शोधत होते, आणि ज्याची बाग मोठी त्याला आधी मिळाला.

दुसऱ्या रात्रीची खोपी

मी दुपारी मळ्यावर पोचलो. दुसऱ्या रात्रीही लाईट येणार नाही हे तोवर स्पष्ट झालं होतं. खोक्यात एक रात्र काढणं ठीक, सलग दुसरी नको. पिल्लं वाढतात, खोक्यात विष्ठेचा वास साठतो आणि रात्रभर उपाशी राहतात. म्हणून शेडमध्येच एक लहान खोपी केली.

जाळीच्या भिंतीपासून लांब, शेडच्या मधोमध दोन खाटा शेजारी शेजारी ठेवल्या. खाटेची उंची साधारण दीड फूट. वर दोन गोधड्या आणि त्यावर घोंगडी. तीन बाजूंनी सोयाबीनच्या भुसकटाच्या गच्च भरलेल्या गोण्या रचल्या. चौथ्या बाजूला गोणपाटाच्या उभ्या पट्ट्या सोडल्या, पिल्लांना आत-बाहेर करता येईल अशा. आत तूस चार बोटं नवं, कोरडं. गोधडी आणि गोण्या यांच्या मधे वरच्या अंगाला वीतभर फट राखली, कारण पावणेपाचशे जिवांच्या श्वासाची वाफ बाहेर पडली नाही तर सकाळी लव ओली दिसते. खाटांखाली सहा डबे. दर दोन तासांनी त्यातले दोन बदलायचे, सगळे एकदम नाही, म्हणजे आतलं तापमान हेलकावे खात नाही. पट्ट्यांच्या बाहेर चिकगार्डचं अंगण, तिथे पाणी, खाद्य आणि एक लहान एलईडी.

रात्री अकराला खोपीत ३१ अंश होते आणि बाहेरच्या शेडमध्ये ११. पहाटे पाचला आत २९, बाहेर ७. मला सगळ्यात आनंद झाला तो पिल्लांची ये-जा बघून. पट्टी ढकलून बाहेर यायची, चार दाणे टिपायची, पाण्यात चोच घालून मान वर करायची आणि परत आत पळायची. बल्बखाली असतात तेव्हाही ती हेच करतात. गरम आणि गार या दोन्हींतून निवड करायला मिळाली की पिल्लू आपलं तापमान स्वतः सांभाळतं. त्या रात्री एकही दगावलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकला लाईट आली. बल्ब लगेच दहाच्या दहा लावू नका असं सांगितलं. सुरुवातीला व्होल्टेज वर-खाली होतं, आणि गारठ्यातून आलेल्या पिल्लांना एकदम पस्तीस अंश दिले तर ती धापा टाकतात. आधी तीन-तीन लावले, संध्याकाळपर्यंत पाच-पाच. खाटा त्या रात्री काढल्या नाहीत.

नंतरचा आठवडा

थंडीचा हिशेब त्या रात्री संपत नाही, आणि हे अनुभवी लोकही विसरतात. गारठलेल्या पिल्लाचं आतडं मंदावतं, बलक आटायचा थांबतो आणि त्यात जंतू वाढतात. पाचव्या ते दहाव्या दिवसांत आणखी ९ पिल्लं गेली. त्यातली दोन मी उघडली. पोटात हिरवट-पिवळा, दुर्गंधी येणारा, न आटलेला बलक होता. काहींच्या गुदद्वाराला विष्ठा चिकटून सुकलेली होती. ती कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून सोडवायची, ओढायची नाही. ओढली की कातडी येते. प्रतिजैविक सगळ्या बॅचला सरसकट द्यायचं नाही असं ठरवलं. पाण्यातून जीवनसत्त्वं आणि इलेक्ट्रोलाइट तीन दिवस, तूस रोज हलवून कोरडं, आणि आजारी पिल्लं वेगळी. मानमोडीची लासोटा लस सातव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी केली. ताण असलेल्या पिल्लाला लस द्यायची घाई नको होती, आणि फार लांबवायचीही नव्हती.

एकूण झालेलं नुकसान असं. रात्रीच्या ढिगात १७, सकाळपर्यंत ४, पुढच्या आठवड्यात ९. म्हणजे ४९७ पैकी ३० गेली, ४६७ राहिली. सहा टक्के. चांगल्या बॅचमध्येही पहिल्या आठवड्यात थोडी पिल्लं जातातच, त्यामुळे थंडीचं खरं देणं त्याहून कमी. आणि तीसपैकी सतरा केवळ धुराच्या घमेल्याची. ते घमेलं आत आलं नसतं तर ही बॅच कदाचित नेहमीसारखीच गेली असती. पहिल्या दोन आठवड्यांत वाढ मागे पडली, चौथ्या आठवड्यात पिल्लं नेहमीच्या वजनाच्या जवळ आली आणि पाच-सहा दिवस उशिराने विकली गेली.

गॅस ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारं गॅसवरचं यंत्र, घ्यावा का, हा प्रश्न घरात पुढे बराच चर्चिला गेला. नवऱ्याचं मत, एकदाच खर्च करून टाकू. माझं मत, ५०० पिल्लांसाठी गॅस ब्रूडर उत्तम, पण व्यावसायिक सिलिंडर भरून ठेवलेला असला तरच. घरचा सिलिंडर ऐनवेळी त्याला जोडणं नियमातही बसत नाही आणि सुरक्षितही नाही. ताईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, “ब्रूडर घेऊ या वर्षी नाहीतर पुढच्या. पण बॅच येते त्या दिवशी खाटा, भुसकटाच्या गोण्या आणि सहा डबे शेडमध्येच पाहिजेत. रात्री अकराला माळ्यावर चढून खोकी शोधायची नाहीत मला परत.” पुढची बॅच त्यांनी थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी घेतली, आणि तेव्हाही डबे शेडच्या कोपऱ्यात धुऊन उपडे ठेवलेले होते.